धनुष्यासाठी लाकूड वाकविणारी घरगुती वाफपेटी

(शालेय सुतारकाम व क्रीडा शिक्षक, ग्रामीण कारागीर आणि पंचायत प्रतिनिधी यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, धनुष्य ही रामायण-महाभारतातील वस्तू. तिच्यासाठी शासकीय शिबिरात तासभर बोलण्यासारखे काय आहे? परंतु धनुर्विद्या हा आज जगमान्य क्रीडाप्रकार आहे. ऑलिंपिक स्पर्धांत तो १९७२ च्या म्युनिक स्पर्धेपासून पुन्हा कायमचा दाखल झाला. भारतीय तिरंदाजी संघटना १९७३ साली स्थापन झाली आणि १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये आपले तिरंदाज प्रथम उतरले. त्यांतील लिंबाराम हे राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यातील एका आदिवासी कुटुंबातून आलेले. बांबूच्या धनुष्यावर हात बसलेल्या या खेळाडूने १९९२ साली बीजिंग येथील आशियाई स्पर्धेत विश्वविक्रमाची बरोबरी केली. आजही आपल्या देशात देशी धनुष्यांसाठी ‘इंडियन राउंड’ नावाचा स्वतंत्र प्रकार खेळला जातो. तेव्हा लाकडाचे अथवा बांबूचे साधे धनुष्य ही खेळाची पहिली पायरी होय, आणि ती पायरी गावातल्या गावात घडविता येण्यासारखी आहे.

अडचण अशी की, कारखान्यात तयार झालेली धनुष्ये मूठभर शाळांनाच परवडतात. गावच्या सुताराकडे हत्यार आहे, हात आहे. परंतु लाकूड न मोडता वाकवावे कसे, याची रीत पुष्कळ ठिकाणी विसरली गेली आहे. ती रीत म्हणजे वाफ. आणि वाफ हे असे साधन आहे की, नीट वापरले तर घरच्या चुलीवर चालते, आणि निष्काळजीपणे वापरले तर माणसाचे हात-तोंड भाजून काढते. म्हणून आज मी दोन्ही गोष्टी सांगणार आहे : वाफपेटी करावी कशी, आणि ती करताना कोणती एक गोष्ट कधीही करू नये.

धनुष्याचा बाक कोठून येतो?

प्रथम एक गैरसमज दूर करू. चित्रांतून आपण धनुष्य नेहमी अर्धचंद्राकार पाहतो. त्यामुळे लाकूड वाफवून अर्धगोल वाकविले की धनुष्य झाले, असे वाटते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. एकाच लाकडाचे धनुष्य दोरी उतरविल्यावर जवळजवळ सरळ असते. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ हे युद्धनौकेचे जहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ साली समुद्राच्या तळातून वर काढण्यात आले. त्यात शंभराहून अधिक लाकडी धनुष्ये मिळाली. ती पुरुषाहून उंच आणि मुळात काठीसारखी आहेत. दोरी चढविल्यावर जो बाक दिसतो, तो दोरीने आणलेला ताण असतो. तोच ताण बाणाला गती देतो. दोरीच्या दिशेने आधीच वाकवून ठेवलेले लाकूड म्हणजे आधीच थकलेले लाकूड होय.

मग वाफ कशासाठी? तीन कामांसाठी. पहिले काम, वाकडेपणा काढणे. चांगले चिवट लाकूड पुष्कळदा थोडे पिळलेले किंवा बाजूला झुकलेले असते. तसेच धनुष्य केले तर दोरी मुठीच्या मध्यावरून जात नाही, बाण एका अंगाला पडतो आणि धनुष्य हातात फिरू पाहते. दुसरे काम, दोन बाहू सारखे करणे. एक पुढे आणि एक मागे झुकलेला असेल तर त्यांना एका रेषेत आणणे. तिसरे काम, टोकांना दोरीच्या उलट दिशेने, म्हणजे निशाणाकडे, थोडा बाक देणे. अशा टोकांमुळे धनुष्य ओढताना शेवटी दोरीचा कोन बरा राहतो आणि ओढ एकाएकी जड होत नाही.

येथे दोन शब्द लक्षात ठेवावेत. धनुष्याची निशाणाकडील बाजू ती पाठ आणि तिरंदाजाकडील बाजू ते पोट. धनुष्य ओढले की पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. परंतु वाफेने टोके पुढे वाकविताना हे उलटे होते : तेव्हा पोटाची बाजू ताणली जाते. लाकूड कोणत्या बाजूने फुटेल, हे ओळखण्यासाठी हा भेद ध्यानी असणे आवश्यक आहे.

वाफेने लाकूड मऊ का होते?

लाकूड म्हणजे अगदी बारीक नळ्यांची मोळी आहे, असे समजा. नळ्यांच्या भिंती सेल्युलोज या चिवट तंतूंच्या असतात आणि त्या एकमेकींना लिग्निन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. लिग्निन हा लाकडातील नैसर्गिक सरस होय. हा सरस थंड असताना कडक असतो. परंतु ओल आणि उष्णता एकत्र मिळाली की पाणी उकळण्याच्या तापमानाच्या आसपास तो मऊ पडतो. त्या वेळी तंतू एकमेकांवरून थोडे सरकू शकतात. लाकूड वाकविले, तसेच धरून ठेवले आणि थंड होऊ दिले की सरस पुन्हा घट्ट होतो व नवा आकार टिकतो.

मात्र मऊ झालेले लाकूडही सर्व बाजूंनी सारखे नमत नाही. चांगले वाफवलेले, सरळ रेषेचे लाकूड दाबले असता आपल्या लांबीच्या चौथ्या हिश्शापर्यंतही आकसू शकते. परंतु ताणले असता शेकडा दीड-दोन भागांपलीकडे लांबत नाही, फाटते. सगळे कौशल्य या एका गोष्टीत आहे : वाकविताना बाहेरची बाजू ताणली न जाता आतली बाजू दाबली जावी. मायकेल थोनेट या कारागिराने एकोणिसाव्या शतकात, मध्य युरोपात, हीच किल्ली हाती घेतली. लाकडाच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी घट्ट लावून त्याने बीच लाकडाचे दांडे वाकविले. १८५६ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले आणि १८५९ पासून त्याची वाकवलेल्या लाकडाची खुर्ची जगभर गेली.

आपल्याकडेही हे ज्ञान नवे नाही. तुतीच्या लाकडाची हॉकीची काठी वाफवूनच वाकविली जात असे. आणि आपल्या गोव्यात अलीकडेच त्याचा भव्य प्रयोग झाला. प्राचीन पद्धतीने, खिळे न मारता, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेले ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज येथे तयार झाले व मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाले. त्याच्या फळ्यांना जहाजाच्या पोटाचा आकार वाफेच्या पारंपरिक पद्धतीनेच देण्याची योजना होती. जी वाफ जहाजाच्या फळीला नमविते, ती धनुष्याच्या टोकाला नमवील यात नवल नाही.

लाकडाची निवड

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यांसाठी ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी चार द्रव्ये सांगितली आहेत. दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू आणि स्नायू यांची नावे तेथे येतात. भिल्लांच्या धनुष्याला बांबूच्या सालीच्या चिवट पट्टीची दोरी असे. मराठीत धनुष्याला कामठा आणि बांबूच्या पट्टीला कामटी म्हणतात. तिरकामठा हा शब्द तर लहान मुलांच्याही तोंडी आहे. यावरून हे साधन आपल्या खेड्यांना किती जवळचे होते, ते दिसून येते.

लाकडांमध्ये धामण हे आपल्या पश्चिम घाटातील नामांकित झाड. संस्कृतात त्याला धनुर्वृक्ष असेच म्हटले आहे. कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडीचे दांडे त्याचेच करतात, कारण ते लवचीक असून धक्का सोसते. तुतीचे लाकूडही चांगले. साग टिकाऊ खरा, परंतु तेलकट आणि वाकविण्यास नाखूश. तो या कामाला घेऊ नये.

जात कोणतीही असो, तुकडा निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावली पाहिजे. जेथे रेषा फळीच्या कडेतून बाहेर निघते तेथेच लाकूड उकलते. वाकवावयाच्या भागात गाठ नको. लाकूड करवतीने कापलेले असण्यापेक्षा पाचर मारून फोडलेले असेल तर अधिक बरे, कारण फोड नेहमी रेषेनेच जाते. आणि लाकूड भट्टीत कोरडे केलेले नसून सावलीत, हवेवर वाळलेले असावे. भट्टीतील लाकडाचा सरस एकदा कडक झालेला असतो. तो वाफेला पुरती दाद देत नाही.

आणखी एक गोष्ट. धनुष्याच्या लोभाने कोणी झाड तोडू नये. आपल्या राज्यात १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये झाड तोडण्यास परवानगी लागते. वनातील लाकडाला तर लागतेच. वादळात पडलेले झाड, बागेतील छाटणीची तुती, अथवा परवानाधारक वखारीतील तुकडे यांतून शाळेची गरज सहज भागते. वनक्षेत्राबाहेर लावलेल्या बांबूला मात्र २०१७ सालच्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळले आहे.

बांबूविषयी येथेच सांगून टाकतो. बांबूच्या पट्टीला वाफपेटीची गरज नाही. निखाऱ्यांवर शेकून, हळूहळू दाब देऊन ती सरळ करावयाची अथवा वाकवावयाची, ही जी आपल्या बुरुड बांधवांची आणि आदिवासींची रीत आहे, तीच बांबूसाठी उत्तम होय. वाफपेटी त्या रीतीची जागा घेण्यासाठी नाही. जाड, भरीव लाकूड जेथे निखाऱ्यावर बाहेरून करपते आणि आत थंड राहते, तेथे वाफपेटीचे काम आहे.

पेटीची बांधणी

पेटी म्हणजे चार फळ्यांचा एक लांब डबा. फळ्या २० मिलिमीटर जाडीच्या असाव्यात. आतील पोकळी १५ सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच आणि १२० सेंटिमीटर लांब ठेवावी. धनुष्य पेटीपेक्षा लांब असले तरी चालते. वाफवावयाचे टोक आत आणि उरलेला भाग बाहेर ठेवता येतो. फळ्या स्क्रूने जोडाव्यात. पांढरा सरस वापरू नये, वाफेत तो सुटतो. जोड अगदी पाणीबंद असण्याची आवश्यकता नाही. फळ्या ओलीने फुगून तेथे आपोआप घट्ट बसतात. साधे प्लायवुड थर सोडते. वापरणारच असाल तर पाण्यात टिकणारे घ्यावे.

पुष्कळ जण नळाचा प्लास्टिक पाईप वापरण्याचा सल्ला देतात. पीव्हीसी पाईप उकळत्या वाफेच्या उष्णतेने मऊ होतो, मध्येच झोळ घेतो आणि गरम पाणी अंगावर येते. लाकडी पेटी स्वस्त आहे, उष्णता धरून ठेवते आणि बिघडली तर गावात दुरुस्त होते.

पेटीच्या आत, तळापासून ५ सेंटिमीटर उंचीवर, दर २५ सेंटिमीटरला एक आडवी लाकडी खुंटी बसवावी. लाकूड या खुंट्यांवर राहते. त्यामुळे वाफ त्याच्या चारी बाजूंनी फिरते आणि ते तळाच्या पाण्यात पडत नाही. खुंट्यांऐवजी लोखंडी खिळे लावू नयेत. लाकडातील टॅनिन, ओल आणि लोखंड यांचा संयोग झाला की काळे डाग पडतात.

पेटीचे एक टोक कायमचे बंद करावे. दुसऱ्या टोकाला बिजागरीवर लोंबते झाकण किंवा जाड गोणपाटाचा पडदा असावा. पेटी चौथाऱ्यावर ठेवताना पडद्याकडचे टोक बंद टोकापेक्षा ५ सेंटिमीटर खाली असावे, म्हणजे थंड होऊन साचलेले पाणी वाहून जाईल. त्या खालच्या टोकाशी, तळाला, एक भोक ठेवावे. वाफ आत येण्याचे भोक पेटीच्या मध्यावर, खालच्या बाजूने पाडावे. वरच्या फळीला एक बारीक छिद्र पाडून त्यात तापमापक बसविला तर शिक्षकांना मुलांपुढे प्रयोग करताना फार उपयोग होतो.

भाण आणि चूल

आता वाफ कोठून आणावयाची? पुष्कळ जुन्या घरांत न्हाणीघरात पाणी तापविण्याचे तांब्याचे भाण असते. काजूच्या मोसमात भट्टीवर हेच भाण चढते. त्याच्या तोंडाचा सांधा चिकणमातीने लिंपतात आणि नळीवाटे वाफ पुढच्या भांड्यात नेतात. आपल्या पेटीची रचना तशीच आहे. फरक एवढाच की भट्टीत वाफ थंड करून गोळा करतात आणि आपण तिची उष्णता लाकडाला देतो. भाण नसेल तर स्टेनलेस स्टीलचे मोठे पातेले घ्यावे. झाकणाला २५ मिलिमीटर व्यासाची, धातूची अथवा उष्णता सोसणाऱ्या रबराची, आखूड नळी लावून ती पेटीच्या भोकात सोडावी. नळीला कोठेही झोळ नसावा. झोळात पाणी साचून वाट बंद होते. झाकणाचा सांधा कणकेने लिंपावा.

किती पाणी लागेल याचा हिशेब सोपा आहे. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. चुलीची दोन किलोवॉट उष्णता प्रत्यक्ष पाण्याला मिळाली, तर तासाला सुमारे तीन लिटर पाण्याची वाफ होते. दहा लिटर पाणी भरले तर ते उकळावयास अर्धा तास आणि त्यानंतर दोन तासांचे काम निर्वेधपणे होते. भांडे कधीही कोरडे पडू देऊ नये. मध्येच पाणी घालावे लागलेच तर उकळते घालावे. थंड पाण्याने वाफ तुटते आणि लाकूडही थंडावते.

डोंगराळ भागातील कारागीर विचारतात की, उंचीवर पाणी कमी उष्णतेवर उकळते, मग लाकूड शिजेल काय? दर तीनशे मीटर उंचीमागे उत्कलनबिंदू सुमारे एक अंश खाली येतो. बेळगावसारख्या साडेसातशे मीटर उंचीच्या गावीही तो सत्त्याण्णव अंशांच्या वर राहतो. एवढ्याने काम अडत नाही. पाचदहा मिनिटे अधिक द्यावीत.

वाफ कोठेही कोंडू नये

मित्रहो, आता मघाशी म्हटलेली ती एक गोष्ट. आजच्या भाषणातील बाकीचे सर्व विसरलात तरी चालेल, हे मात्र विसरू नये. वाफपेटी हे दाबावर चालणारे यंत्र नाही. तिच्यात वाफ सतत आत यावी आणि सतत बाहेर जावी.

पाण्याची वाफ झाली की ती मूळच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. तिला वाट मिळाली नाही तर ती वाट करून घेते. पंचवीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर होते. आत दर चौरस सेंटिमीटरला एक किलो एवढाच जादा दाब साठला, तरी त्या झाकणावर ४९० किलोंचा रेटा बसतो. मग त्यावर ठेवलेला दगड किंवा बांधलेली तार यांची काय कथा? पेटीचेही तसेच. पंधरा बाय एकशेवीस सेंटिमीटरच्या फळीवर त्याच्या दहाव्या हिश्शाचा दाब आला, तरी १८० किलोंचा रेटा होतो.

म्हणून पुढील नियम भिंतीवर लिहून ठेवावेत. पेटीतून वाफ बाहेर जाण्याची एकूण वाट आत येण्याच्या नळीपेक्षा मोठी असावी. पडदा घट्ट बांधू नये, भोकात चिंधी कोंबू नये. भाणाचे झाकण तारेने अथवा स्क्रूने आवळू नये. कणकेचा सांधा हीच आपली सुरक्षा-झडप आहे, दाब वाढला तर तो आधी सुटतो. स्वयंपाकाच्या प्रेशर कुकरची झडप काढून किंवा बुजवून त्याला नळी जोडू नये. तेलाचा जुना बंद पिंप आगीवर ठेवू नये.

दुसरे असे की, आपणांस जी पांढरी वाफ दिसते ती खरोखर पाण्याचे बारीक थेंब असतात. भोकाच्या अगदी तोंडाशी जी वाफ असते ती दिसतच नाही, आणि तीच सर्वांत घातक. ती त्वचेवर पडून पाणी होताना आपली सारी साठलेली उष्णता सोडते. म्हणून वाफेचे भाजणे उकळत्या पाण्याहून भयंकर. पडदा उघडताना समोर उभे राहू नये, बाजूला उभे राहावे. कोपरापर्यंत येणारे जाड कातडी हातमोजे घालावेत. सुती मोजे ओले झाले की वाफेची उष्णता सरळ हाताला पोहोचवितात. गॅसची शेगडी असेल तर सिलिंडर पेटीपासून दूर ठेवावा. मुलांनी रेषेपलीकडे उभे राहून पाहावे. पेटी उघडण्याचे काम मोठ्या माणसाचे.

किती वेळ वाफवावे?

जाडीच्या दर २५ मिलिमीटरला एक तास, हा सर्वमान्य नियम आहे. धनुष्याचे टोक १२ मिलिमीटर जाड असेल तर अर्धा तास पुरे. वेळ मोजावयाची ती लाकूड आत ठेवल्यापासून नव्हे, तर पडद्यातून वाफ जोराने येऊ लागल्यापासून अथवा तापमापक पंचाण्णव अंशांपुढे गेल्यापासून. अधिक वेळ वाफवले म्हणजे अधिक मऊ, असे नाही. फार वाफवलेले लाकूड ठिसूळ होते आणि वाकविताना आतल्या बाजूला सुरकुत्या पडून चिरडते.

साचा आणि वाकविणे

साचा आधी, वाफ नंतर. जाड फळी करवतीने हव्या त्या बाकाची कापून घ्यावी. पहिल्या प्रयत्नाला माफक बाक पुरे : शेवटच्या २० सेंटिमीटर लांबीत टोक ४ सेंटिमीटर पुढे यावे. सोडल्यावर लाकूड थोडे मागे येते, म्हणून साच्यावर हा बाक ५ सेंटिमीटर ठेवावा.

बाक किती तीव्र चालेल याचे माप असे. नुसत्या हाताने वाकविताना बाकाची त्रिज्या लाकडाच्या जाडीच्या पंचवीस पटींहून कमी नसावी. १२ मिलिमीटर जाडीला ही मर्यादा ३० सेंटिमीटर होते. आपल्या साच्याची त्रिज्या सुमारे ४० सेंटिमीटर भरते. तेव्हा पट्टीवाचून काम होईल. याहून तीव्र बाक हवा असेल तर लाकडाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे टोके पुढे वाकविताना पोटाच्या बाजूला, पातळ पोलादी पट्टी लावावी व तिची दोन्ही टोके लाकडाच्या टोकांशी घट्ट अडवावीत. मग ताण पट्टी घेते आणि लाकूड केवळ दाबले जाते. डाग टाळण्यासाठी मध्ये कागद ठेवावा.

वाकविण्यापूर्वी थंड लाकडावर एकदा सर्व हालचालींची तालीम करावी. कोण पडदा उघडील, कोण लाकूड काढील, शिकंजे कोठे आहेत, हे सर्व ठरलेले असावे. कारण पेटीतून बाहेर आल्यावर लाकूड अर्ध्या मिनिटात कडक होऊ लागते. टोक प्रथम साच्याच्या खाचेत अडकवावे, मग एका दमात, झटका न देता, साच्याला लागेपर्यंत वाकवावे आणि शिकंजे आवळावेत. लाकडाने चटकन आवाज केला तर थांबून पाहावे. उकल लहान असली तरी ते टोक धनुष्याच्या उपयोगाचे नाही, ते कापून टाकावे. दोन्ही टोकांसाठी एकच साचा वापरावा, म्हणजे ती जुळी होतात.

वाळविणे

बहुतेक धनुष्ये येथे बिघडतात. लाकूड एक पूर्ण दिवस साच्यातच ठेवावे. नंतर साच्यातून काढून, एका पट्टीवर बाक बांधून, सावलीत व वाऱ्यावर निदान आठपंधरा दिवस ठेवावे. रोज ते तराजूत तोलावे. वजन तीन दिवस एकसारखे आले म्हणजे आत शिरलेली ओल गेली. ओल्या लाकडावर दोरी चढविली तर ते दोरीच्या दिशेने कायमचा बाक धरते आणि सगळी मेहनत वाया जाते. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की लाकूड पुरते सुकतच नाही. म्हणून हे काम दिवाळीनंतर हाती घ्यावे आणि मेअखेर संपवावे. तयार धनुष्याला रोगण अथवा लाखेचे पाणी द्यावे.

मुलांच्या हाती देण्यापूर्वी

सुकल्यानंतर दोन्ही बाहू कानशीने थोडे थोडे घासून सारखे वाकतील असे करावे. घाई करू नये; काढलेले लाकूड परत चिकटविता येत नाही. लांबीचे माप असे की, बाण जेवढा ओढावयाचा त्याच्या दुप्पट, अधिक एक हातभर नव्हे तरी ३० सेंटिमीटर. ओढ ६० सेंटिमीटर असेल तर धनुष्य १५० सेंटिमीटर. अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना सहा ते आठ किलोंची ओढ पुष्कळ झाली. ती ताणकाट्याने मोजावी.

पहिल्यांदा धनुष्य हाताने ओढू नये. ते भिंतीवरील खुंटीवर आडवे टेकवून, दोरीला बांधलेली रस्सी कप्पीवरून घेऊन, दुरून वीस-तीस वेळा ओढावे. मोडावयाचे असेल तर ते तेथे मोडो, मुलाच्या तोंडासमोर नको. मैदानावर बाण न लावता ओढलेली दोरी कधी सोडू नये. बाणाला जावयाची सारी शक्ती तेव्हा धनुष्यातच आदळते. निशाणाच्या मागे मातीचा उंच बांध असावा, आणि सर्वांनी एका रेषेत उभे राहून, शिक्षकांच्या खुणेनेच बाण सोडावेत व खुणेनेच आणावयास जावे.

समारोप

या पेटीला जो खर्च येईल तो चार फळ्या, थोडे स्क्रू आणि एक नळी यांचा. भाण घरचे, जळण घरचे. आणि ही पेटी केवळ धनुष्यासाठी नाही. चालण्याच्या काठीची मूठ, खुर्चीची पाठ, पाळण्याचा कमानदार दांडा, चाळणीचे कडे, होडीची पट्टी, ही सारी कामे तीच पेटी करील. ज्या वस्तू आज सुतार जोड देऊन करतो त्या अखंड लाकडाच्या होतील. जोड कमी, लाकूड कमी, आणि वस्तू मजबूत. शाळेच्या वर्गात हीच पेटी उत्कलनबिंदू, सुप्त उष्णता आणि दाब हे तीन धडे एका दुपारी शिकवील.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, आपापल्या गावच्या सुतारास या कामी गुरू म्हणून शाळेत बोलवावे. पंचायतींना विनंती आहे की, पडलेल्या झाडांतील उपयोगी तुकडे जळणात घालण्यापूर्वी एकदा त्यास दाखवावेत. आणि कारागीर मित्रांना एवढेच सांगतो की, पहिली दोनचार लाकडे मोडतील, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. मोडलेला तुकडा नीट पाहिलात तर रेषा कोठे बाहेर गेली होती, ते तोच दाखवील. लाकूड मोडले तर दुसरे मिळते. हात भाजला तर हंगाम जातो. तेव्हा वाफेला वाट मोकळी ठेवा आणि कामाला लागा.

 दुपारच्या सत्रात बाहेर मांडवात पेटी मांडलेली आहे. भाणावर पाणी आताच ठेवले आहे.